अस्तराचा फिटिंग स्कर्ट घरी शिवायचाय? ब्लाउजची सवय आधी बाजूला ठेवा

भाचीला हॉटेल मॅनेजमेंटला काळा फिटिंगचा स्कर्ट लागणार होता, गुडघ्यापर्यंतचा, अस्तरवाला. सोलापुरात नवी पेठेत तीन दुकानं फिरलो आणि सगळीकडं तेच, कंबर बसली की सीटवर अडकतो, सीटवर बसला की कंबरेत अख्खी मूठ जाते. शेवटी मीच म्हटलं, आण कापड, शिवते मी. ब्लाउज वीसेक वर्षं शिवतेय, स्कर्टात काय एवढं, दोन बाजू नि एक चेन. पहिला बिघडला. का बिघडला ते नीट कळायला अजून दोन शिवावे लागले, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितेय.

बिघडला कारण मी अस्तर ब्लाउजसारखं लावलं. म्हणजे वरचं कापड आणि अस्तर एकावर एक ठेवलं, कडेनं शिलाई मारून दोन्हीचं मिळून एक कापड करून टाकलं, मग टक्स (आकारासाठी चिमटीत धरून शिवलेली निमुळती घडी), मग बाजू. ब्लाउजला ते बरोबरच आहे, तिथं कापड अंगाला धरून ठेवायचं असतं. पण स्कर्टात बाई खाली बसते, जिना चढते, स्कूटीवर बसते, तेव्हा आतलं कापड आणि बाहेरचं कापड एकमेकांवरून सरकलं पाहिजे. शिवून जखडलं की बसताना दोन्ही मिळून वर चढतं आणि उठल्यावर खाली येत नाही, दर वेळी हातानं ओढा. वर मी अस्तर न भिजवता लावलेलं, कॉटनचं. पहिल्याच धुण्यात ते आटलं आणि स्कर्टचा खालचा घेर पुरीसारखा फुगला. भाची म्हणाली, मावशी, हे काय कंदील शिवलायस का.

तर स्कर्टचं अस्तर लोंबतं ठेवायचं. फक्त कंबरेला जोडायचं आणि चेनच्या दोन्ही कडांना टाचायचं, बाकी खालपर्यंत मोकळं. एका स्कर्टच्या आत दुसरा पातळ स्कर्ट, असं समजा.

कापड. पहिल्या वेळी भारीतलं घेऊ नका. आपल्याकडं शाळेच्या युनिफॉर्मचे कारखाने इतके आहेत की टेरी-रेयॉनचं (पॉलिस्टर-रेयॉन मिश्र) सूटिंग कटपीसमध्ये सहज मिळतं, चाटी गल्लीत विचारा, नाहीतर ओळखीत कुणी ना कुणी युनिफॉर्मच्या कामाला असतंच. सूटिंगचा पन्हा ५८ इंच असतो त्यामुळं ४० पर्यंतच्या सीटला १ मीटरमध्ये गुडघ्याइतका स्कर्ट बेल्टसकट निघतो. कापड हातात घेऊन उभं ओढून बघा, आडवं ओढून बघा. माझे आजोबा मिलमध्ये होते, ते लहानपणी आम्हाला असंच करायला लावायचे, ताणा म्हणजे उभा धागा कमी ताणतो, बाणा म्हणजे आडवा जरा जास्त. स्कर्टची उंची नेहमी उभ्या धाग्यात, म्हणजे काठाला समांतर. कापड वाचवायला आडवं कापलं तर स्कर्ट सीटवर हळूहळू पोतं होतो.

अस्तराला कॉटन की सँटून, म्हणजे ते गुळगुळीत अस्तराचं कापड? आपल्या उन्हाळ्यात, पारा ४२ च्या वर गेलेला असताना, कॉटनच बरं वाटणार, मलाही तसंच वाटलं होतं. पण कॉटन पायाला चिकटून चालताना वर गोळा होतं आणि फिटिंगच्या स्कर्टात तेवढी जागाच नसते. पूर्ण पॉलिस्टरचं स्वस्त सॅटिन घेतलं तर घामानं जीव नको होतो. मला सँटून मधलं वाटलं, गुळगुळीत पण त्यामानानं हवा खेळती. अस्तराचा पन्हा बहुतेक ४४ असतो, म्हणून दीड मीटर घ्या. आणि कापायच्या आधी भिजवा, बादलीत रात्रभर, न पिळता वाळत टाका, ओलसर असताना इस्त्री. आमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं त्यामुळं पाण्याच्या दिवशी सगळी नवी कापडं एकदमच भिजवून ठेवते, चार रुमाल, दोन अस्तरं, सासूबाईंचे परकर. सूटिंग भिजवलं नाही तरी ओलं फडकं ठेवून त्यावरून गरम इस्त्री फिरवाच.

आता माप. कंबर, सीट, कंबरेपासून सीटपर्यंतचं अंतर, उंची, एवढी चारच मापं. सीट म्हणजे जिथं सगळ्यात जास्त भरतं ती जागा, काहींची ती कंबरेखाली ७ इंचावर असते, काहींची ९ वर, काहींच्या मांड्याच जास्त भरतात, मग मांडीचं माप हीच तुमची सीट. उभ्यानं माप घेतल्यावर खुर्चीवर बसून परत घ्या. बसल्यावर इंच-दीड इंच वाढतं, माझं तर दोन. सीटला जी २ इंचांची सैल ठेवतात ती यासाठीच, चैन म्हणून नाही. उभ्याच्या मापावर घट्ट बसवलेला स्कर्ट ट्रायलच्या आरशात एकदम झक्कास दिसतो आणि बसल्यावर चेन फाटते.

भाचीचं माप धरून सांगते म्हणजे आकडे डोक्यात बसतील. कंबर ३०, सीट ३८, सीटची खोली म्हणजे कंबरेपासून सीटपर्यंत ८, उंची २५. कागदावर पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग काढायचा. सीटचा पाव भाग साडेनऊ, त्यात अर्धा इंच सैल, म्हणजे १०. हे पुढं-मागं दोन्हीकडं सारखं. कंबरेचा पाव साडेसात, त्यात पाव इंच सैल. मग पुढच्या भागाला अजून पाव इंच वाढवायचा आणि मागच्यातून पाव इंच काढायचा, म्हणजे पुढं ८ आणि मागं साडेसात. पोट पुढं असतं म्हणून हा फेरफार.

आता सीटला १० आहे आणि कंबरेला ८, मधले २ इंच कुठंतरी गेले पाहिजेत. पुढं त्यातला सव्वा इंच बाजूच्या गोलाईत जातो आणि पाऊण इंचाचा एक टक्स. मागं अडीच इंचाचा फरक, तिथंही सव्वा इंच बाजूला आणि सव्वा इंचाचा टक्स. म्हणजे पुढच्या नि मागच्या बाजूची गोलाई सारखीच येते आणि शिवताना मापात मापात बसते. पुढचा टक्स साडेतीन इंच लांब, मागचा ५. पुढचा छोटा कारण पोट वरच असतं, मागचा भराव खाली असतो. टक्स साधारण मधल्या रेषेपासून ४ इंचावर. बाजूला कंबरेची रेषा अर्धा इंच वर उचलायची आणि मागं मधोमध पाव ते अर्धा इंच खाली उतरवायची, नाहीतर मागं कंबरेखाली आडवी घडी पडते. सीटच्या खाली बाजू सरळ सोडा, फारच निमुळता हवा असेल तर तळाला प्रत्येक बाजूनं अर्धा इंच आत घ्या, त्याच्यापेक्षा जास्त नको, आपण काय रॅम्पवर चालणार नाही, आपल्याला सात रस्ता चौकात रिक्षात चढायचंय.

माया, म्हणजे शिलाईच्या बाहेरचं जास्तीचं कापड, सोडायची ती अशी, बाजूला १ इंच, मागच्या मधल्या रेषेला १ इंच, वर अर्धा, खाली २. बाजूची इंचभर माया बघून कुणी म्हणेल कापड वाया घालवलं. घालवू दे. दिवाळीनंतर उसवायला तीच कामी येते.

कापड कापायच्या आधी जुन्या चादरीचा एक स्कर्ट शिवायचा, आणि ही पायरी सगळ्याजणी टाळतात. जुनी पातळ बेडशीट, मशीनवर लांब टाका, चेन नाही, मागं टाचण्या, वरची माया मात्र अर्ध्याऐवजी १ इंच ठेवा. अंगावर घालून बघा, आणि फक्त उभं राहू नका, खुर्चीवर बसा, वाका, दोन पायऱ्या चढा. मग घड्या वाचायच्या. सीटवर आडव्या ताणलेल्या रेघा येतायत आणि स्कर्ट वर सरकतोय, म्हणजे सीटला कमी पडतंय, बाजू सोडा. मागं कंबरेच्या लगेच खाली सैल आडवी घडी पडतेय, तर जेवढी घडी चिमटीत येते तेवढी मागची कंबर मधोमध अजून खाली उतरवा. पुढचा तळ वर उचललाय आणि बाजूची शिलाई पुढं तिरकी चाललीय, तर पोटाला उंची कमी पडतेय, वरच्या इंचभर मायेतून पुढं मधोमध सोडा. टक्सच्या टोकाला फुगा येतोय तर टक्स फार जाड किंवा आखूड आहे, एकाचे दोन बारीक टक्स केले तरी चालतं. माझ्या भाचीला मागची घडी होती, अर्धा इंच उतरवला आणि एकदम पाटीसारखं साफ. हे दुरुस्त केलेलं कागदावर उतरवा आणि तो कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी निम्मं काम वाचतं.

कापताना पुढचा भाग घडीवर म्हणजे एकसंध येईल, मागचे दोन. बेल्टची पट्टी साडेतीन इंच रुंद, ३३ लांब. अस्तर त्याच कागदावरून, फक्त तळाला वेगळं, तयार अस्तर स्कर्टपेक्षा १ इंच आखूड पाहिजे, म्हणजे २५ च्या स्कर्टला २४ आणि दुमडीला १ इंच.

अस्तराच्या रुंदीबद्दल एक सांगायचंय. दुसऱ्या स्कर्टला मी अस्तर सीटवर अर्धा इंच कमी कापलं, कुणीतरी सांगितलं होतं की मग ताण अस्तरावर येतो नि वरचं कापड टिकतं. ऐकायला पटतं. भाची सँडलचा पट्टा लावायला खाली वाकली आणि मागं टर्रकन आवाज, अस्तर मधल्या शिलाईवर फाटलं. तेव्हापासून अस्तर वरच्या कापडाएवढंच कापते आणि बाजू शिवताना एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी माया घेते, म्हणजे किंचित मोठंच होतं. शिवाय अस्तराला टक्स शिवतच नाही. टक्सच्या जागी नुसती चुणी घालायची आणि वर कंबरेला टाचायची, खाली ती उघडते, बसल्यावर तेवढी जागा मिळते.

शिवायला सूटिंगसाठी १४ नंबरची सुई, सँटूनला ११, इंचाला १० ते १२ टाके. सँटूनवर १४ नंबर चालवलीत तर भोकं दिसतात आणि कापड गोळा होतं. आधी सगळ्या तुकड्यांच्या कडा ओव्हरलॉक करून आणा, घरी नसेल तर फॉल-पिकोवाल्यांकडं देतात करून.

टक्स रुंद बाजूकडून टोकाकडं शिवायचे, शेवटचा अर्धा इंच कापडाच्या घडीला अगदी चाटून जायचा, टोकाला उलटी शिलाई मारायची नाही, दोरा लांब सोडून हातानं गाठ. मग इस्त्री, घड्या मधल्या रेषेकडं. इथं सपाट टेबलावर इस्त्री केली तर टक्सनं दिलेला गोलवा परत चपटा होतो. विकतची उशी मिळते पण आपल्याला कशाला पाहिजे, सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळायचा, वर सुती फडकं आणि त्या गोलाईवर टक्स ठेवून दाबायचं. काळ्या टेरी-रेयॉनवर थेट इस्त्री टेकवू नका, चमक येते आणि ती परत जात नाही, कायम ओलसर फडक्यावरून.

चेन बाजू जोडायच्या आधी, कापड सपाट असतानाच बसवा. मागची मधली शिलाई तीन तुकड्यांत येते. वरून साडेसात इंच लांब टाक्याची कच्ची शिलाई, तिथून पुढं साडेदहा इंच पक्की शिलाई, दोन्ही टोकांना उलटसुलट मारून, आणि खालचे ७ इंच चीर म्हणून मोकळे. चिरेशिवाय पाऊल पडत नाही, सिटी बसची पायरी तर सोडूनच द्या. माया दोन्हीकडं उघडून इस्त्री करा. आता ७ इंची चेन उलटी, दात बरोबर शिलाईच्या रेषेवर, वरचं टोक कंबरेच्या रेषेच्या जरा खाली. आधी हातानं टाका, मशीनला सिंगल फूट (चेन लावायचा अरुंद पाय) लावून दोन्ही बाजूंनी आणि खाली आडवी शिलाई, मग कच्ची शिलाई उसवली की चेन उघडते. कन्सील चेन जास्त सुंदर दिसते हे खरं, पण पहिल्याच स्कर्टला तिच्या नादी लागू नका. मग बाजू, सीटच्या गोलाईवर टाचण्या जवळजवळ, कापड ओढायचं नाही. माया उघडून इस्त्री.

अस्तराच्या मागच्या शिलाईला वरून ८ इंच मोकळं, मग ९ इंच शिलाई, ती दोनदा मारा, माझं जिथं फाटलं तीच जागा. खालचे ७ इंच मोकळे, त्याच्या कडा दुमडून शिवून टाका. म्हणजे अस्तराची चीर वरच्या चिरेपेक्षा इंचभर वरून सुरू होते आणि चालताना चिरेतून अस्तर डोकावत नाही. तळाची दुमड मशीनवरच, दोन घड्या, झालं.

जोडताना गोंधळ होतो तो कुठली बाजू कुठं. स्कर्ट सुलटा धरा. अस्तर त्याच्या आत असं सोडा की अस्तराची सुलटी बाजू अंगाला लागेल, आणि दोघांच्या शिलाया एकमेकांकडं तोंड करून आत झाकल्या जातील. बाजूवर बाजू, मध्यावर मध्य, चुण्या टक्सच्या जागी पण घडी उलट दिशेला, बाजूकडं, म्हणजे एकाच जागी चार थर जमत नाहीत. कंबरेला कच्ची शिलाई. चेनजवळ अस्तराच्या कडा दुमडून चेनच्या पट्टीला हातानं टाचा, दातांपासून दोन सूत लांब, नाहीतर चेन अस्तर खाते आणि ते सोडवताना तुम्ही घाईत असता.

बेल्टला आतून फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं कडक अस्तर) चिकटवून घ्या. तयार बेल्ट कंबरेच्या मापापेक्षा अर्धा इंच मोठा, साडेतीस, आणि एका टोकाला हुकासाठी सव्वा इंच पुढं आलेला. स्कर्टची कंबर ३१ आहे, तो जास्तीचा अर्धा इंच बेल्ट लावताना टाचण्यांनी सगळीकडं सारखा जिरवायचा, चुणी पडू द्यायची नाही, मग पोटावर स्कर्ट छान गोल बसतो. सुलट्यावर सुलटं ठेवून शिवा, दुमडा, आतून हातशिलाई. पँटचा चपटा हूक लावा, ब्लाउजचा हूक इथं टिकत नाही.

तळ लगेच दुमडू नका. एक रात्र हँगरला लटकवा, सकाळी चपला घालून उभं राहायला सांगा आणि जमिनीपासून पट्टीनं मोजत खडूची खूण करत फिरा. दुसऱ्या माणसाशिवाय हे काम होत नाही. २ इंच आत घेऊन हातानं हेमिंग, वरच्या कापडाचा एकेकच धागा सुईत घ्यायचा, दोरा सैल, ओढलात तर बाहेर खळ्या दिसतात. तळ आधी, चिरेच्या कडा त्यावरून मागाहून. चिरेच्या वरच्या टोकाला आतून चार टाके एकाच जागी घट्ट घाला. शेवटी दोन्ही बाजूंना, तळाजवळ आतून, अस्तर आणि स्कर्ट यांच्यामध्ये दीड इंचाची दोऱ्याची साखळी, म्हणजे अस्तर लोंबतं पण राहतं आणि गुंडाळत पण नाही.

तिसरा स्कर्ट घालून भाची स्कूटीवर बसली, साइड स्टँड काढला, परत उतरली, परत बसली. मी खालीच उभी होते, आवाज ऐकायला. काही आला नाही. उलट आता म्हणते, मावशी, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला खणाचा शिव.

खणाचा शिवायचा तर दोन गोष्टी बदलतात. माझ्याकडचा खण ३२ इंच पन्ह्याचा आहे, त्यात पुढचा भाग एका लांबीत आणि मागचे दोन दुसऱ्या लांबीत घ्यावे लागतात, म्हणजे ३८ सीटला पावणेदोन मीटर धरा, बेल्ट पुढच्या भागाशेजारी उरलेल्या उभ्या पट्टीतून निघतो. आणि खण फार उसवतो, शिलाईवर ताण आला की धागे सरकून फटी पडतात. म्हणून सीटला २ ऐवजी ३ इंच सैल, कापल्या कापल्या ओव्हरलॉक, आणि चेनच्या खालची जागा आतून अस्तराच्याच छोट्या पट्टीनं पक्की करून घ्यायची. बुट्ट्या पुढच्या मधोमध जुळतायत का ते कात्री चालवायच्या आधी बघा, मी काल रात्री तेच करत बसले होते, अजून कापलेला नाही.